कामाची चिठ्ठी

गावात प्रोटोटाइप घेऊन गेलं की आधी चहा येतो. नको म्हटलं तरी येतो, आणि घ्यावाच लागतो. चहा घेतला की आपण पाहुणे झालो, आणि पाहुण्याने पुढे केलेल्या वस्तूला आपल्याकडे कुणी तोंडावर नावं ठेवत नाही. फोन हातात दिल्यावर थोड्याच वेळात उत्तर येतं, "छान केलंय की, ताई." बोट तेव्हा पहिल्याच पडद्यावर थबकलेलं असतं. कुठे दाबायचं ते कळलेलं नसतं. तरी ते छान असतं.

मी इंटरॅक्शन डिझायनर आहे, म्हणजे माणूस ॲप कसं हाताळेल ते आखणं हे माझं काम. गेली काही वर्षं माझं बरंचसं काम महिला बचत गटांच्या हिशेबाभोवती फिरतं आहे. बैठकीत जमलेली बचत, दिलेलं कर्ज, आलेला हप्ता, दंड, हे सगळं वहीबरोबर फोनवरही नोंदवता यावं, असं एक ॲप आम्ही करतो आहोत. ते अजून प्रोटोटाइपच्या पायरीवर आहे, म्हणजे पडदे आहेत, बटणं आहेत, पण मागे हिशेब करणारं काही नाही. अशा अर्धवट वस्तूची युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे ती लोकांच्या हातात देऊन कुठे अडतं ते बघणं, उभी करणं हा माझ्या कामातला मला सगळ्यांत आवडणारा भाग. टेस्टच्या दिवशी जे दिसतं त्यातलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं. कुणाला बोलावलं, कुठे बसवलं, काय करायला सांगितलं, पडदा किती पक्का दिसतो, पाठीमागे कोण उभं आहे. समोरच्या बाईला खरं बोलायची मोकळीक मिळणार की नाही, ते यात ठरतं.

"ही तुमची परीक्षा नाही, आमच्या ॲपची आहे," हे वाक्य प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला म्हटलं जातं. मीही म्हणते. पण शाळा सुटून पंचवीस वर्षं झालेल्या बाईसमोर शहरातली एक बाई वही-पेन घेऊन बसली, कॅमेरा लावला आणि घड्याळ बघू लागली, तर तिने त्या वाक्यावर का विश्वास ठेवावा? मांडणी परीक्षेची असेल तर ती परीक्षाच होते. म्हणून मी समोर बसत नाही. सतरंजीवर तिच्या शेजारी, किंचित मागे बसते. फोन तिच्या हातात, मांडीवर किंवा पाटावर, जसा ती रोज धरते तसा. वही माझ्या पलीकडच्या बाजूला. लिहिण्याचं काम शक्यतो सहकाऱ्याकडे असतं, आणि त्याला सांगून ठेवलेलं असतं की बाई चुकली त्या क्षणी लिहायचं नाही, जरा थांबून लिहायचं. चुकल्याबरोबर पेन हललं की माणसाला ते बरोबर कळतं.

अशा मांडणीचा फार बारकाईने विचार झालेलं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमने खेळाडूंकरता आवाजी निरोपांची व्यवस्था केली होती. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून घरच्यांनी फोन करून निरोप ठेवायचा आणि क्रीडाग्रामातल्या खेळाडूने तो ऐकायचा. बारा भाषांत ती चालायची. जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली त्या कामाची हकिगत छापली, ती मी अजूनही नव्या मुलामुलींना वाचायला देते. प्रोग्रॅम लिहायच्या आधी त्यांनी कागदावर प्रसंग छापून लोकांना दाखवले. वापराचं माहितीपत्रक आधी लिहिलं आणि लोकांना कुठे अडतं ते बघत पुन्हा पुन्हा बदललं. प्रयोगशाळेच्या जाण्यायेण्याच्या मार्गात एक पोकळ नमुना उभा केला, त्यावर पडदे आणि सूचना लावल्या, आणि येणारे-जाणारे थांबून काय म्हणतात ते ऐकलं. शेवटी शेवटी तर लोकांना सांगितलं की ही व्यवस्था मोडून दाखवा. प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा, वेगळी माणसं, वेगळा प्रश्न. कागदावरच्या प्रसंगाला विचारायचा प्रश्न त्यांनी उभ्या नमुन्याला विचारला नाही. बचत गटाच्या कामात मी हेच धरून चालते.

पहिली फेरी मी कागदावर घेते, तीही पेन्सिलीने काढलेल्या पडद्यांवर. फिग्मा या पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच पडदे एका दुपारी चकचकीत करता येतात, आणि टीममधल्या तरुण मुलांना तसेच न्यावेसे वाटतात. मी अडून बसते. रंग भरलेला, गोल कोपऱ्यांचा पडदा पाहिला की माणसाला वाटतं काम झालंय, आता बोलून उपयोग काय. पेन्सिलीची रेघ पाहिली की हात आपोआप पुढे येतो. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियात 'यूटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्रांत पानं लावणाऱ्या कामगारांबरोबर बसून त्यांच्यासाठी संगणकाची साधनं घडवायची होती, आणि ती यंत्रं तर तेव्हा हाताशी नव्हती. मग पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहून ते टेबलावर ठेवलं आणि कामगारांनी त्याच्याभोवती आपलं काम करून दाखवलं. खोकं कसंही हलवता येत होतं, फाडता येत होतं, आणि ते कसं चालतं हे कळायला कुणा इंजिनिअरची गरज नव्हती. त्यामुळे कामगार आणि डिझायनर एका पातळीवर आले.

जुन्नरकडच्या एका गावात असाच कागदी पडदा पुढे ठेवला होता. गटाच्या सचिव ताईंनी तो उचलला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "सह्या कुठं?" वहीत बैठकीची नोंद संपली की खाली सगळ्याजणींच्या सह्या असतात, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे. आमच्या पडद्यावर शेवटी फक्त 'जतन करा' होतं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तळाशी एक आडवी रेघ मारली. त्या रेघेत गटाचा अख्खा कारभार होता. सचिवाने एकटीने लिहिलेली नोंद ही गटाची नोंद होत नाही, सगळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसा हलत नाही. 'उमेद' या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाच्या गटांत जी पंचसूत्री सांगतात, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी, ती आम्ही पाठ केली होती. सह्यांची जागा मात्र त्या रेघेने दाखवली. चकचकीत पडद्यावर ती मारायला हात पुढे आला असता असं मला वाटत नाही.

फोनवरच्या फेरीत तयारी फार बारीकसारीक असते, आणि तिथेच टेस्ट नासते. फिग्माच्या प्रोटोटाइपमध्ये चुकीच्या जागी बोट लागलं की दाबता येण्यासारख्या सगळ्या जागा क्षणभर निळ्या चमकतात. डिझायनरच्या सोयीसाठी ते ठीक आहे, पण टेस्टमध्ये ते उत्तर फोडणं आहे. बाई एकदा चुकते, निळं चमकतं, ती तिथे दाबते, आणि आपण टिपून घेतो की तिला बटण सापडलं. ती खूण आधी बंद करायची. फोनचा मागे जाण्याचा इशारा प्रोटोटाइपमध्ये काय करतो ते बघायचं, कारण गोंधळलं की माणूस सगळ्यात आधी मागे जातो, आणि नेमकी तीच वाट कुणी बांधलेली नसते. ब्राइटनेस पूर्ण ठेवायचा, गावात टेस्ट ओसरीवर होते. अक्षरं मोठी करून बघायची, कारण चाळिशीपुढच्या बऱ्याच बायकांच्या फोनवर ती मोठीच केलेली असतात आणि मराठी जोडाक्षरांच्या ओळी जास्त जागा खातात. रेंज जाईल हे धरून कागदी संच पिशवीत ठेवायचा.

आणि नावं. प्रोटोटाइपमध्ये सभासदांची नावं घालावी लागतात. जाण्याआधी मी गटाच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला, फोन करून गटात कोणकोणत्या नावाच्या बायका आहेत ते विचारून घेते आणि ती सगळी नावं पडद्यावरून काढते. पडद्यावर 'कमल, थकबाकी' असं दिसलं आणि ओसरीवर खरीच एक कमल बसलेली असली, तर हसू होईल, आणि त्या हसण्याखाली तिचा जीव किती कासावीस होईल हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. खोट्या हिशेबातही कुणाचं खरं नाव थकबाकीदार म्हणून येता कामा नये. याच कारणाने गटाच्या खऱ्या वहीचा फोटो मी काढत नाही. २०२३ साली डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला, संमतीचे फॉर्म लांब झाले, ते भरून घेतेच. पण कुणी किती उचललंय हे दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊ नये, ही समज कायद्याच्या आधीची आहे.

यानंतर कामाची चिठ्ठी. टेस्टमध्ये जे काम करायला सांगायचं ते मी एका छोट्या कागदावर लिहिते, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवते. चार ओळी असतात, पण सगळ्यांत जास्त वेळ तीच खाते. पडद्यावर 'कर्ज परतफेड' असं बटण असेल आणि चिठ्ठीतही "कर्ज परतफेडीची नोंद करा" असं लिहिलं, तर बाई फक्त अक्षरं जुळवते. तिला ॲप कळलं की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून चिठ्ठीत बटणावरचा एकही शब्द नको. चिठ्ठीत प्रसंग हवा, आणि तो बैठकीत घडतो तसा हवा: "सुमनताईंनी मागच्या महिन्यात पाच हजार नेले होते. शेकडा दोनने. आज त्यांनी सहाशे रुपये तुमच्या हातात दिले."

पहिल्यांदा ही चिठ्ठी दिली तेव्हा आमच्या पडद्यावर दोन रकाने होते, मुद्दल आणि व्याज. एका ताईंनी बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पैसं तर एकदम आलंय. आधी एकदम लिहू दे, मग फोड करू." वहीत लिहितानाही त्या तसंच करतात. सहाशे मिळाले, त्यातलं व्याज शंभर, उरलेले पाचशे मुद्दलात. पैसा हातात येतो त्या क्रमाने रकाना हवा होता, आम्ही तो हिशेबनिसाच्या क्रमाने लावला होता. चिठ्ठीत "पाचशे मुद्दल आणि शंभर व्याज भरलं" असं लिहिलं असतं, तर सगळ्याजणींनी दोन्ही रकाने अचूक भरले असते आणि आम्ही आनंदाने घरी आलो असतो.

टेस्ट चालू असताना मोठ्याने विचार करायला सांगण्याची पद्धत १९८२ साली क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये असताना मांडली. त्यामागचा आधार अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांच्या अभ्यासाचा. मनात त्या क्षणी जे चाललंय तेवढंच माणसाने बोलून दाखवलं, तर त्याच्या विचाराचा ओघ फारसा बदलत नाही, पण "असं का केलंत?" असं मध्येच विचारलं की बदलतो, कारण मग तो कारण शोधायला लागतो. म्हणून शहाणा मॉडरेटर, म्हणजे टेस्ट घेणारा, अधूनमधून "बोलत राहा" एवढंच म्हणतो. पुण्यातल्या ऑफिसात हे बऱ्यापैकी जमतं. ओसरीवर जमत नाही. परक्या बाईसमोर एकटीने स्वतःशी बडबडायचं हे तिथे वेडेपणाचं लक्षण आहे, आणि तिची त्यात काही चूक नाही.

यावर मला जपानच्या नाओमी मियाके यांच्या अभ्यासाने वाट दाखवली. १९८६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांच्या जोड्यांना एक कोडं दिलं होतं: शिलाई मशीनची टीप नेमकी पडते कशी? दोघं मिळून ते उलगडताना आपसात जे बोलत, तो त्यांच्या विचाराचा नकाशाच होता. एकाला वाटायचं कळलं, दुसरा प्रश्न विचारायचा, मग पहिल्याचं कळणं आणखी एक पायरी खाली उतरायचं. बोलायला सांगावं लागलं नाही, कारण बोलणं ही तिथे गरज होती. तेव्हापासून मी दोघींना मिळून बोलावते. शक्यतो वागण्याबोलण्यात बरोबरीच्या, दोन जावा किंवा शेजारणी. सासू-सून नाही, आणि अध्यक्ष-सभासदही नाही, कारण मग एकच बोट चालतं. फोन एक, बायका दोन. "अगं तिथं नको, ते मागच्यासारखं होईल." "थांब, मला वाचू दे." हे सगळं मला माझा एकही शब्द खर्च न करता मिळतं.

मुलगा किंवा नवरा खांद्यावरून बघत "ते हिरवं दाब ना" म्हणायला लागला, तर टेस्ट संपली असं समजावं. त्यांच्यासाठी सहकाऱ्याकडे वेगळे प्रश्न तयार असतात, रिचार्ज कोण करतं, फोन दिवसा कुणाकडे असतो वगैरे, आणि तो त्यांना अंगणात घेऊन बसतो. ती माहितीही लागतेच.

किती जणींना बोलवायचं, हा प्रश्न पैसे देणारे पहिल्यांदा विचारतात. टेस्टला पाच माणसं पुरतात, हे युजेबिलिटीचे अभ्यासक याकोब नील्सन यांचं सूत्र या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेला हिशेब असा, की एका माणसाच्या टेस्टमध्ये सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, आणि ते धरून चाललं तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास. पण पुढे २००३ साली लॉरा फॉकनर यांनी ६० जणांच्या टेस्टमधून पाच-पाचचे गट काढून पाहिले, तेव्हा एखाद्या गटात ९९ टक्के अडचणी सापडल्या आणि एखाद्यात जेमतेम ५५. पाच हा आकडा लबाड नाही. तो एकसारख्या माणसांसाठी आहे आणि एका फेरीसाठी आहे. बचत गटात एकसारखी माणसं नसतात. वही लिहिणारी सचिव वेगळी, अंगठा देणारी सभासद वेगळी, दहा गटांच्या वह्या तपासणारी सीआरपी आणखी वेगळी. टेस्टसाठी प्रत्येकीचा गट वेगळा धरावा लागतो, आणि बदल केल्यावर परत जावं लागतं. निधी देणाऱ्यांशी मी यावर दर वेळी भांडते, आणि भांडायलाच हवं, कारण कात्री लागते ती नेहमी अंगठा देणारीच्या फेरीला. "ती काही ॲप वापरणार नाही," म्हणतात. पण तिचे पैसे त्यात असतात.

अंगठा देणारीसाठी पडदा बोलका हवा, हा विचार नवा नाही. बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेढी यांनी घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर बसून अक्षरांशिवायचे, चित्र आणि आवाजाचे पडदे घडवले, ते २००६-०७ च्या सुमारास. आमच्या ॲपमध्ये तिला फक्त एकच काम जमायला हवं आहे, आपल्या नावावर काय लिहिलंय ते ऐकणं. "माझं किती राहिलं?" असं विचारल्यावर फोनने उत्तर द्यायचं. ते यंत्र आमच्याकडे नाही. मग १९८३ सालच्या गूल्ड यांच्याच एका प्रयोगाची रीत उचलली. ऐकून टाइप करणारं यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या खोलीत टायपिस्ट बसवला आणि बोलणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरं उमटवली. आमची सहकारी आतल्या खोलीत बसते, प्रश्न ऐकते आणि आधी रेकॉर्ड केलेलं योग्य उत्तर लावते. टेस्ट झाल्यावर मी ताईंना आत नेऊन तिची ओळख करून देते. हे सांगितल्याशिवाय उठायचं नाही, हा माझा नियम आहे. जिने पैशाबद्दल विचारलं, तिला कुणी ऐकलं हे कळायलाच हवं.

शेवटी मत विचारायचं, तेव्हा पुन्हा तेच, "छान आहे." वस्तू वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी, १९८६ साली जॉन ब्रुक यांनी तयार केलेली दहा विधानांची मोजपट्टी जगभर चालते, एक विधान बाजूचं, एक विरुद्ध, आणि प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा. मराठी करून वापरून पाहिली. "हे वापरायला विनाकारण अवघड आहे असं मला वाटतं, याच्याशी तुम्ही कितपत असहमत आहात," हे वाक्य ऐकून समोरची बाई माझ्याकडे दयेने बघते. अपला लाहिरी चव्हाण यांनी हीच अडचण ओळखून भारतीय वापरणाऱ्यांसाठी सिनेमासारखा नाट्यमय प्रसंग रचण्याची युक्ती काढली. प्रसंगात शिरलं की माणूस पाहुणचार विसरतो आणि चिडतो, ओरडतो, खरं बोलतो. मला त्यातलं मूळ पटतं, पण पैशाच्या विषयात नाटक जड जातं.

माझी रीत साधी आहे. टेस्ट झालेल्या ताईंना सांगते, आता तुमच्यानंतर येणाऱ्या ताईंना तुम्हीच दाखवा. मी आणि सहकारी लांब सरकून बसतो. तिथे बाई बदलते. फोन आता तिचा असतो, शिकाऊ दुसरी असते, आणि आम्ही कुणीच नसतो. मला "छान" म्हणालेली बाई दुसरीला सांगत होती, "हे लाल हाय ना, ते दाबायचंच नाही. दाबलं की सगळं जातं. चुकलं तर चुकू दे, मागनं वहीत बघू." लाल बटण म्हणजे नोंद पुसण्याचं. आमच्या मते ती सोय होती. वहीत मात्र चुकलेला आकडा कुणी पुसत नाही. त्यावर आडवी रेघ मारतात, बाजूला नवा लिहितात, आणि अध्यक्षांची सही घेतात. जुना आकडा रेघेखाली वाचता येतो, म्हणून नव्यावर विश्वास बसतो. पुसता येणारा हिशेब त्या बाईला हिशेबच वाटत नव्हता, आणि ते ती मला सांगणार नव्हती, कारण मी तो पुसायचं बटण घेऊन तिच्या दारात आले होते.

ते बटण आता गेलं आहे. त्याच्या जागी आकड्यावर रेघ येते, खाली नवा आकडा, आणि तो दोघींच्या अंगठ्याशिवाय पक्का होत नाही. पडदे पुन्हा पेन्सिलीने काढले आहेत. पुढच्या महिन्यात नेऊ, त्याच गावात आणि त्या पलीकडच्या एका गावात, जिथे या ॲपबद्दल अजून कुणी ऐकलेलं नाही. चिठ्ठी लिहून झाली आहे:

"आज बैठक आहे. सुमनताईंनी हप्ता दिला आणि तुम्ही सहाशे रुपये लिहून घेतले. त्या घरी गेल्या. नंतर पैसे मोजले तर पाचशेच भरले. आता तुम्ही काय कराल?"